चॅनेल एस्टिमेशनसाठी रेफरन्स सिग्नलची मांडणी कशी ठरवावी: नवख्यांसाठी मार्गदर्शन

टॉवरवरून निघालेला रेडिओ सिग्नल फोनपर्यंत पोहोचतो तेव्हा तो मूळ रूपात राहिलेला नसतो. इमारतींच्या भिंती, डोंगराचे कडे, कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड, रस्त्यावरची वाहने यांच्यावर आदळून त्याच्या अनेक प्रती तयार होतात. त्या थोड्या मागेपुढे पोहोचतात, एकमेकींत मिसळतात आणि काही फ्रिक्वेन्सींवर सिग्नल बळकट करतात, तर काहींवर तो जवळजवळ पुसून टाकतात. या साऱ्या बदलाला मिळून चॅनेल म्हणतात. चॅनेलने सिग्नलचा जोर किती घटवला आणि त्याची फेज किती अंशांनी फिरवली हे कळल्याशिवाय रिसीव्हरला माहितीचे बिट ओळखता येत नाहीत. म्हणून पाठवणारा मधूनमधून असे सिम्बॉल पाठवतो, ज्यांचे मूल्य दोन्ही बाजूंना आधीपासून ठाऊक असते. हेच रेफरन्स सिग्नल होत. वर्गात त्यांना बहुधा पायलट म्हटले जाते.

महसूल मंडळात एका ठिकाणी पर्जन्यमापक बसवलेला असतो आणि त्याच्या नोंदीवरून भोवतालच्या सगळ्या गावांत किती पाऊस झाला ते ठरते. एका शिवारात धो धो कोसळले आणि बांधापलीकडे नुसता शिडकावा झाला, असे मराठवाड्यातल्या शेतकऱ्याने अनेकदा पाहिलेले असते. अशा ठिकाणी एका मापकाचा आकडा सर्वांना लागू करणे चुकीचे ठरते. उलट, पाऊस सगळीकडे सारखा पडत असेल तर गावोगाव मापक बसवण्याचा खर्च वाया जातो. रेफरन्स सिग्नलचा प्रश्न नेमका हाच आहे: मोजमाप थोड्या जागी होते, मधल्या जागांचा अंदाज बांधावा लागतो, आणि किती अंतरावर मोजावे हे मोजली जाणारी गोष्ट किती झपाट्याने बदलते यावर ठरते.

विद्यार्थी बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरुवात करतात. ते मानकातला, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला, तक्ता उघडतात, त्यातली एक रचना उचलतात आणि मग ती का चालली नाही याचा शोध घेत बसतात. माझे आग्रहाचे सांगणे असे आहे की, आधी जागा पाहावी, तिथले वेग आणि अंतरे मोजावीत, आणि तक्ता सर्वांत शेवटी उघडावा. पुढच्या सर्व पायऱ्या याच क्रमाने मांडल्या आहेत. उदाहरणे ५जी न्यू रेडिओची आहेत. जिथे गरज आहे तिथे ४जी एलटीईचाही उल्लेख येईल. ओएफडीएम म्हणजे काय, एवढी तोंडओळख वाचकाला आहे असे गृहीत धरले आहे.

पहिली पायरी: जाळी कागदावर काढा

आलेख कागदावर १२ आडव्या ओळी आणि १४ उभे स्तंभ आखावेत. प्रत्येक ओळ म्हणजे एक सबकॅरियर आणि प्रत्येक स्तंभ म्हणजे एक ओएफडीएम सिम्बॉल. १२ सबकॅरियर मिळून एक रिसोर्स ब्लॉक होतो आणि १४ सिम्बॉल मिळून न्यू रेडिओचा एक स्लॉट. एकूण १६८ चौकटी होतात आणि प्रत्येक चौकटीला रिसोर्स एलिमेंट म्हणतात. स्तंभांना ० ते १३ असे क्रमांक द्यावेत, कारण मानकात मोजणी शून्यापासून आहे आणि इथे एकाने चुकले की पुढचे सगळेच चुकते.

आता अंतरे लिहून ठेवावीत. भारतात ५जी साठी वापरल्या जाणाऱ्या ३.३ ते ३.६७ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात दोन सबकॅरियरमधले अंतर साधारणपणे ३० किलोहर्ट्झ ठेवतात. त्या वेळी स्लॉट ०.५ मिलिसेकंदाचा होतो आणि एक सिम्बॉल, त्याच्या सायक्लिक प्रीफिक्ससह (सिम्बॉलच्या शेवटच्या भागाची सुरुवातीला जोडलेली प्रत), सरासरी ३५.७ मायक्रोसेकंदांचा. एलटीईमध्ये आणि ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या पट्ट्यातल्या ५जी मध्ये हे अंतर १५ किलोहर्ट्झ असते. तिथे सिम्बॉल दुप्पट लांब, म्हणजे ७१.४ मायक्रोसेकंदांचा होतो.

पहिले दोन स्तंभ नियंत्रण माहितीसाठी रंगवून टाकावेत. स्तंभ क्रमांक २ मध्ये डेटासोबत जाणारा रेफरन्स सिग्नल, म्हणजे डीएमआरएस, येतो. तो पुढे ठेवण्यामागे साधे कारण आहे: रिसीव्हरला चॅनेलचा अंदाज लवकर मिळाला की डेटा येत असतानाच तो उलगडायला सुरुवात करता येते आणि वाट पाहण्याचा वेळ वाचतो. डीएमआरएस त्याच्यासोबतच्या डेटासारखाच, त्याच प्रीकोडिंगमधून (सिग्नल अनेक अँटेनांवर वाटण्याच्या गणितातून) पाठवला जातो. त्यामुळे टॉवरने कोणते प्रीकोडिंग वापरले हे फोनला वेगळे कळवावे लागत नाही. या सोयीची एक किंमत आहे, आणि ती नवख्यांच्या नजरेतून हमखास सुटते: प्रीकोडिंग एका वाटपातून (फोनला दिलेल्या चौकटींच्या गटातून) दुसऱ्या वाटपात बदलू शकत असल्याने मागच्या स्लॉटमधल्या डीएमआरएसच्या भरवशावर या स्लॉटचा अंदाज बांधता येत नाही. जे काही मोजायचे ते बहुतेक वेळा त्याच स्लॉटमध्ये आणि प्रीकोडिंग जिथपर्यंत सारखे ठेवले आहे तेवढ्याच ब्लॉकमध्ये मोजावे लागते.

दुसरी पायरी: वेगावरून उभ्या स्तंभांची संख्या ठरवा

समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतून जातो आणि सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. हा वेग सेकंदाला ३३.३ मीटर होतो. ३.५ गिगाहर्ट्झची तरंगलांबी ८.५७ सेंटिमीटर आहे. वेगाला तरंगलांबीने भागले की जास्तीत जास्त डॉप्लर शिफ्ट मिळतो: सुमारे ३८९ हर्ट्झ. याचा अर्थ, थेट समोरून येणाऱ्या तरंगाची फेज सेकंदाला ३८९ वेळा पूर्ण फिरते.

हा आकडा आपल्या जाळीवर उतरवून पाहू. डीएमआरएस फक्त स्तंभ २ मध्ये ठेवला आहे आणि शेवटचा डेटा स्तंभ १३ मध्ये आहे. मधले अंतर ११ सिम्बॉलचे, म्हणजे सुमारे ०.३९३ मिलिसेकंद. एवढ्या वेळात फेज ५५ अंशांनी फिरते. क्यूपीएसकेमध्ये, म्हणजे एका सिम्बॉलवर दोन बिट पाठवण्याच्या पद्धतीत, चार बिंदू एकमेकांपासून ९० अंशांवर असतात, म्हणजे ४५ अंशांपेक्षा जास्त फिरलेला बिंदू शेजारच्या घरात जातो. गोंगाट अजिबात नसला तरीही स्तंभ १३ मधला प्रत्येक सिम्बॉल चुकीचा वाचला जाईल. एका सिम्बॉलवर सहा बिट पाठवणाऱ्या ६४-क्यूएएमची गोष्टच सोडा. तिथले बिंदू इतके दाटीवाटीने असतात की काही अंशांचे फिरणेही महाग पडते.

हेच गणित बाजारात चालणाऱ्या माणसासाठी केले, तर ताशी ३ किलोमीटरला डॉप्लर सुमारे १० हर्ट्झ येतो आणि तेवढ्याच अंतरात फेज जेमतेम दीड अंश फिरते. संभाजीनगरच्या गुलमंडीच्या गर्दीत उभ्या असलेल्या फोनला एक स्तंभ पुरेसा आहे. दुसरा देणे म्हणजे डेटाच्या जागा विनाकारण अडवणे होय.

महामार्गासाठी मानकात जादा डीएमआरएसची तरतूद आहे. १४ सिम्बॉलच्या पूर्ण वाटपात एक जादा स्तंभ घेतला तर तो ११ व्या क्रमांकावर येतो. दोन घेतले तर ७ आणि ११ वर. तीन घेतले तर ५, ८ आणि ११ वर. एक जादा स्तंभ घेतल्यावर दोन मोजमापांतले अंतर ९ सिम्बॉल होते आणि त्या काळात फेज ४५ अंश फिरते. आता मात्र रिसीव्हर अंधारात नसतो. त्याच्याकडे दोन्ही टोकांची मूल्ये असतात आणि मधली मूल्ये त्यांच्यावरून काढता येतात. तत्त्वतः दोन मोजमापांमध्ये फेज १८० अंशांपेक्षा कमी फिरली पाहिजे, कारण त्यापुढे ती उजवीकडून फिरली की डावीकडून हे सांगता येत नाही. सॅम्पलिंगचा नियम तो हाच: मोजमापांतले अंतर डॉप्लरच्या दुपटीच्या व्यस्तापेक्षा कमी हवे. आपल्या उदाहरणात ही मर्यादा सुमारे १.२९ मिलिसेकंद, म्हणजे ३६ सिम्बॉल येते. प्रत्यक्षात मात्र मर्यादेच्या काठावर काम करू नये. गोंगाट असतो, स्लॉटमध्ये मोजमापे दोन-तीनच असतात आणि साध्या सरळरेषी अंदाजाला वक्र बदल पकडता येत नाही. मर्यादेच्या निम्म्याहून कमी अंतर ठेवणे हा चांगला अनुभवसिद्ध पायंडा आहे.

इथे एक बारकावा आहे. मोकळ्या माळरानावर टॉवर समोर दिसत असेल तर मुख्य तरंग एकाच दिशेने येतो आणि त्याचा डॉप्लर शिफ्ट सगळ्या सिग्नलला सारखाच लागू पडतो. हा सामाईक भाग फोन स्वतःची फ्रिक्वेन्सी जुळवून काढून टाकतो. त्यासाठी न्यू रेडिओत टीआरएस नावाची वेगळी सोय आहे, ज्यात एकाच स्लॉटमधले दोन सिम्बॉल एकमेकांपासून ४ सिम्बॉल अंतरावर असतात. ३० किलोहर्ट्झच्या रचनेत त्यावरून साडेतीन हजार हर्ट्झपर्यंतचा शिफ्ट गोंधळ न होता ओळखता येतो. मात्र समोरून आणि मागून दोन्हीकडून परावर्तने येत असतील, तर एकाचा शिफ्ट अधिक आणि दुसऱ्याचा उणे असतो आणि कोणतीही जुळवणी दोन्ही एकदम काढू शकत नाही. शिवाय गाडी टॉवरच्या शेजारून पुढे जाते तेव्हा अधिक असलेला शिफ्ट थोड्याच अंतरात उणे होतो. अपलिंकमध्ये, म्हणजे फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या दिशेत, अडचण आणखी वाढते: फोनने आपली फ्रिक्वेन्सी शिफ्ट झालेल्या डाउनलिंकशी जुळवलेली असते, त्यामुळे टॉवरला तो शिफ्ट दुप्पट दिसतो. म्हणून महामार्गावरच्या सेलमध्ये (टॉवरच्या सेवाक्षेत्रात) अपलिंकचे जादा स्तंभ डाउनलिंकइतकेच ठेवून भागेल, असे गृहीत धरू नये.

७०० मेगाहर्ट्झवर हाच ताशी १२० किलोमीटरचा वेग फक्त ७८ हर्ट्झचा डॉप्लर देतो. सिम्बॉल दुप्पट लांब असूनही ११ सिम्बॉलमध्ये फेज २२ अंशच फिरते. गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांवर खालचा पट्टा चांगला चालतो त्याचे श्रेय बहुधा त्याच्या लांब पल्ल्याला दिले जाते. मोजमापाचा खर्च कमी असणे, हाही त्याचा तेवढाच मोठा गुण आहे.

तिसरी पायरी: भूप्रदेशावरून आडव्या ओळींतले अंतर ठरवा

तरंग ३०० मीटर जास्त फिरून आला की त्याला १ मायक्रोसेकंद उशीर होतो. हे एक वाक्य पाठ असले की नकाशा पाहून बरेच काही सांगता येते. संभाजीनगरच्या जुन्या शहरात परावर्तने जवळच्या भिंतींवरून येतात आणि उशीर बहुधा मायक्रोसेकंदाच्या आतबाहेर राहतो. वाळूज किंवा शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या शेडच्या आत पत्र्यावरून असंख्य परावर्तने येतात, पण अंतरे लहान असल्याने उशीर लहानच राहतो. औट्रम घाटात किंवा बालाघाटाच्या उतारांवर मात्र समोरच्या डोंगरावर आदळून परत येणारा तरंग एक-दोन किलोमीटरचा वळसा घेऊन येऊ शकतो.

उशिरामुळे शेजारच्या सबकॅरियरवरची फेज वेगळी दिसते. २ मायक्रोसेकंद उशिराच्या तरंगाची फेज ६० किलोहर्ट्झ अंतरात ४३ अंश, तर १८० किलोहर्ट्झ अंतरात १३० अंश फिरते. आता डीएमआरएसचे दोन प्रकार समोर ठेवा. टाइप १ मध्ये एका पोर्टला (एका डेटा प्रवाहाच्या रेफरन्स सिग्नलला) एक सोडून एक सबकॅरियर मिळतो, म्हणजे रिसोर्स ब्लॉकमध्ये ६ मोजमापे आणि ३० किलोहर्ट्झच्या रचनेत दोहोंतले अंतर ६० किलोहर्ट्झ. टाइप २ मध्ये शेजारशेजारच्या दोन सबकॅरियरची जोडी येते आणि पुढची जोडी ६ सबकॅरियरनंतर, म्हणजे १८० किलोहर्ट्झवर येते. ब्लॉकमध्ये मोजमापे ४ च होतात. घाटात टाइप १ घ्यावा असे मी सांगतो त्यामागे हेच आकडे आहेत.

टाइप १ मध्येही सावध राहावे लागते. एकाच जागी दोन पोर्ट बसवण्यासाठी लागोपाठच्या दोन मोजमापांवर एका पोर्टला अधिक-अधिक आणि दुसऱ्याला अधिक-उणे अशी चिन्हे देतात आणि रिसीव्हर बेरीज-वजाबाकी करून दोघांना वेगळे करतो. ही क्लृप्ती त्या दोन मोजमापांमध्ये चॅनेल बदलत नाही या गृहीतावर उभी आहे. वर पाहिलेले ४३ अंश आठवा. एवढे फिरणे झाले तर एका पोर्टचा सिग्नल दुसऱ्यात मिसळतो आणि प्रत्येक पोर्टचा अंदाज थोडा बिघडतो. दोनच पोर्ट लागणार असतील, तर त्यांना दोन वेगळ्या कंघव्यांवर, म्हणजे एकाला सम आणि दुसऱ्याला विषम सबकॅरियरवर ठेवून ही अडचण टाळता येते.

एक गोष्ट रेफरन्स सिग्नलने सुटत नाही, आणि ती वेळीच ओळखली पाहिजे. सायक्लिक प्रीफिक्स ३० किलोहर्ट्झच्या रचनेत सुमारे २.३४ मायक्रोसेकंदांचा, तर १५ किलोहर्ट्झच्या रचनेत ४.६९ मायक्रोसेकंदांचा असतो. म्हणजे अनुक्रमे सुमारे ७०० मीटर आणि १.४ किलोमीटरचा वळसा झेपतो. त्याहून लांबून आलेला तरंग पुरेसा जोरकस असेल तर एक सिम्बॉल पुढच्यावर सांडतो, आणि मोजमापे कितीही दाट केली तरी ते सांडणे थांबत नाही. अशा ठिकाणी अँटेनाची दिशा आणि झुकाव बदलणे, किंवा १५ किलोहर्ट्झची रचना वापरणे हाच उपाय उरतो.

एलटीईमधला सामाईक रेफरन्स सिग्नल, म्हणजे सीआरएस, या दोन्ही पायऱ्यांचे उत्तम उदाहरण आहे. एका पोर्टसाठी तो एका सिम्बॉलमध्ये दर ६ सबकॅरियरवर येतो आणि पुढच्या वेळी ३ सबकॅरियर सरकून येतो, त्यामुळे दोन्ही मिळून अंतर ३ सबकॅरियरचे होते. तिरक्या मांडणीने दोन्ही दिशांचे मोजमाप थोडक्यात साधते. त्याचा दोष असा की तो कायम चालू राहतो. मध्यरात्री शिवारातल्या टॉवरवर एकही ग्राहक नसला तरी दोन पोर्टसाठी १६८ पैकी १६ जागा, म्हणजे साडेनऊ टक्के, आणि चार पोर्टसाठी २४ जागा, म्हणजे १४.३ टक्के, अडलेल्याच असतात. शिवाय शेजारच्या सेलला त्याचा अडथळा होतो. न्यू रेडिओची पहिली पूर्ण आवृत्ती, रिलीज १५, २०१८ मध्ये आली तेव्हा हा कायमचा सिग्नल काढून टाकण्यात आला आणि रेफरन्स सिग्नल ज्याला हवा त्याच्यापुरता, हवा तेव्हा पाठवण्याची पद्धत आली. मांडणी ठरवण्याची जबाबदारी त्यामुळेच आज आपल्यावर येऊन पडली आहे.

चौथी पायरी: माणसे किती आहेत ते पाहा

नवरात्रात तुळजापूरला मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर भाविकांची रीघ लागते. फोन हजारो, पण जवळजवळ स्थिर. इथे डॉप्लरची चिंता नाही. चिंता आहे ती एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर अनेकांना वेगवेगळ्या बीममधून (एका दिशेला रोखलेल्या रेडिओ झोतांमधून) सेवा देण्याची. प्रत्येक प्रवाहाला स्वतःचा डीएमआरएस पोर्ट लागतो. पोर्ट म्हणजे टॉवरवर दिसणारी अँटेना नव्हे; रिसीव्हरला एका रेफरन्स सिग्नलमधून जे चॅनेल दिसते, ते म्हणजे पोर्ट. एका सिम्बॉलच्या रचनेत टाइप १ मध्ये ४ आणि टाइप २ मध्ये ६ पोर्ट बसतात. लागोपाठ दोन सिम्बॉल दिले की ही संख्या ८ आणि १२ होते. घाटात नाकारलेला टाइप २ इथे योग्य ठरतो. परावर्तने लांबची नसतील तर त्याची विरळ मोजमापे पुरतात आणि पोर्ट जास्त मिळतात.

बीम कुठे वळवायचा हे टॉवरला कळावे लागते. ३.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात डाउनलिंक आणि अपलिंक एकाच फ्रिक्वेन्सीवर आलटूनपालटून चालतात, त्यामुळे फोनने मोजमापासाठी पाठवलेल्या एसआरएस या रेफरन्स सिग्नलवरून टॉवर डाउनलिंकचे चॅनेलही ओळखू शकतो. एसआरएसचे वाटप हा या सेलमधला खरा अवघड भाग आहे. दर चौथ्या सबकॅरियरच्या कंघव्यावर मानक १२ सायक्लिक शिफ्टपर्यंत (एकाच क्रममालिकेच्या चक्राकार सरकवलेल्या प्रतींना) परवानगी देते, म्हणजे एकाच जागी १२ सिग्नल. पण हे १२ सिग्नल उशिराच्या पट्टीवर एकमेकांपासून वेगळे राहिले पाहिजेत. १२० किलोहर्ट्झ अंतराच्या मोजमापांत एकूण ८.३३ मायक्रोसेकंदांची पट्टी मिळते. तिचे १२ भाग केले की प्रत्येकाच्या वाट्याला ०.६९ मायक्रोसेकंद, म्हणजे जेमतेम दोनशे मीटरचा वळसा येतो. बालाघाटाच्या रांगेत वसलेल्या गावात एवढ्यावर भागवणे धोक्याचे आहे. ४ शिफ्ट वापरले तर प्रत्येकाला २.०८ मायक्रोसेकंद मिळतात आणि सिग्नल एकमेकांत घुसण्याचा धोका बराच कमी होतो. उरलेल्या फोनना वेगळा कंघवा किंवा वेगळा स्लॉट द्यावा. माणसे उभी असल्याने प्रत्येकाचा क्रम उशिरा आला तरी फारसे बिघडत नाही.

हीच पद्धत महामार्गावर नेता येत नाही. एसआरएस दर २० मिलिसेकंदांनी येत असेल तर तेवढ्या वेळात गाडी ६७ सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि तरंगलांबी साडेआठ सेंटिमीटर आहे. टॉवरने मोजलेले चॅनेल केव्हाच मागे पडलेले असते. तिथे बारीक नेम धरण्यापेक्षा रुंद बीम ठेवणे शहाणपणाचे.

फोनने स्वतः मोजून कळवायचे असेल तेव्हा टॉवरकडून येणारा सीएसआय-आरएस हा रेफरन्स सिग्नल वापरतात. त्यात ३२ पोर्टपर्यंत सोय आहे आणि एका पोर्टला बहुधा एका रिसोर्स ब्लॉकमागे एकच चौकट दिली जाते, कारण इथे डेटा उलगडायचा नसून फक्त अंदाज घ्यायचा असतो. मिलिमीटर तरंगांच्या पट्ट्यात ऑसिलेटरच्या फेजचा थरकाप पकडण्यासाठी पीटीआरएस हा आणखी एक रेफरन्स सिग्नल लागतो, ३.५ गिगाहर्ट्झवर काम करणाऱ्याने सुरुवातीला तो बाजूला ठेवला तरी चालेल.

पाचवी पायरी: खर्च मांडा

आलेख कागदावर परत या. १६८ मधून नियंत्रणाच्या २४ आणि डीएमआरएसच्या एका पूर्ण स्तंभाच्या १२ चौकटी वजा केल्या की १३२ उरतात. दुसरा स्तंभ दिला की १२० उरतात. म्हणजे डेटाच्या जागांत ९ टक्के घट होते. वरवर पाहता हा तोटा वाटतो. पण ताशी १२० च्या गाडीत एका स्तंभावर क्यूपीएसकेच्या पुढे जाता येत नाही आणि दोन स्तंभांवर १६-क्यूएएम चालते असे धरले, तर अर्ध्या कोड रेटने (निम्मे बिट चूकदुरुस्तीसाठी धरून) पहिल्या रचनेत १३२ आणि दुसऱ्या रचनेत २४० बिट जातात. उभ्या असलेल्या फोनसाठी दोन्ही रचनांत मोड्युलेशन तेच राहते आणि ९ टक्के सरळ वाया जातात. म्हणून जादा स्तंभ चांगला की वाईट, हा प्रश्न वेग सांगितल्याशिवाय विचारूच नये.

डीएमआरएसच्या स्तंभात दुसऱ्या पोर्टांसाठी राखलेल्या सबकॅरियरवर डेटा पाठवला नाही तर वाचलेली शक्ती आपल्या पोर्टच्या चौकटींना देता येते. टाइप १ मध्ये सबकॅरियरचे दोन्ही गट (आपला धरून) डेटापासून मोकळे ठेवले की ३ डेसिबल, टाइप २ मध्ये तिन्ही गट ठेवले की ४.७७ डेसिबल वाढ मिळते. सेलच्या कडेवर, जिथे सिग्नल क्षीण आणि माणसे थोडी असतात, तिथे ही वाढ मोलाची ठरते.

शेजारच्या सेलचाही विचार याच टप्प्यावर करावा. एलटीईमध्ये सीआरएसची जागा सेलच्या ओळख क्रमांकाला ६ ने भागून उरलेल्या बाकीवर ठरते, आणि दोन पोर्ट असतील तर व्यवहारात ३ च्या बाकीवर. समोरासमोरच्या दोन सेलची बाकी सारखी आली की त्यांचे रेफरन्स सिग्नल एकमेकांवर बसतात. न्यू रेडिओत ब्रॉडकास्ट चॅनेलच्या डीएमआरएसची जागा ४ च्या बाकीवर ठरते. एसआरएसच्या बाबतीत दूरच्या सेलमधल्या फोनने तीच क्रममालिका, तोच कंघवा आणि तोच शिफ्ट वापरला, तर टॉवर त्या परक्या फोनचे चॅनेलही आपले समजून मिसळतो आणि चुकीच्या दिशेला बीम वळवतो. क्रमांकांचे वाटप नकाशा समोर ठेवून, शेजारपाजार तपासूनच करावे.

सहावी पायरी: संगणकावर पडताळा

ऑक्टेव्ह किंवा पायथन यांपैकी कोणतेही मोफत साधन पुरेसे आहे. कागदावरची जाळी जशीच्या तशी आव्यूहात उतरवावी. चॅनेलसाठी एलटीईच्या काळापासून वापरात असलेली तीन प्रमाण रूपे घ्यावीत: ईपीए, ज्यात शेवटचा तरंग ४१० नॅनोसेकंदांनी येतो, ईव्हीए, २,५१० नॅनोसेकंद, आणि ईटीयू, ५,००० नॅनोसेकंद. शेवटची दोन रूपे ३० किलोहर्ट्झच्या प्रीफिक्सच्या बाहेर जातात. त्यांपैकी ईव्हीएचा शेवटचा तरंग क्षीण असल्याने तिथे फारसे बिघडत नाही, पण ईटीयू हे रूप १५ किलोहर्ट्झच्याच रचनेत तपासावे.

सुरुवातीला सर्वांत सोपी पद्धत वापरावी. मिळालेल्या मूल्याला पाठवलेल्या ठाऊक मूल्याने भागावे. समजा १ पाठवला आणि ०.८ अधिक ०.६ जे मिळाला. म्हणजे जोर तेवढाच राहिला आणि फेज सुमारे ३७ अंश फिरली. ही लीस्ट स्क्वेअर्सची पद्धत. मधल्या चौकटी सरळ रेषेने भराव्यात. या पद्धतीत मोजमापातला गोंगाट जसाच्या तसा अंदाजात उतरतो. तो कमी करण्यासाठी अंदाज उशिराच्या पट्टीवर नेऊन प्रीफिक्सच्या पलीकडचा भाग शून्य करता येतो, किंवा चॅनेलची आकडेवारी माहीत असेल तर तिच्यावरून सरासरी चूक कमीत कमी ठेवणारा वीनर फिल्टर लावता येतो. पण आधी सोपी पद्धत पूर्ण समजून घ्यावी, कारण बिघाड कुठे आहे ते तिच्यात स्पष्ट दिसते.

मग अंदाजातली सरासरी वर्ग-चूक प्रत्येक स्तंभासाठी वेगळी काढावी. सगळ्या स्लॉटची एकच सरासरी काढली तर स्तंभ १३ ची दुर्दशा स्तंभ ३ च्या चांगल्या आकड्यात झाकली जाते. त्यानंतर सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ० पासून ४० डेसिबलपर्यंत वाढवत नेऊन चुकीचा आलेख काढावा. गोंगाट घटत जाईल तशी चूकही घटत राहिली, तर मांडणी पुरेशी दाट आहे आणि सुधारणा हवी असल्यास ती फिल्टरमध्ये किंवा शक्तीत करावी. चूक एका पातळीवर येऊन आडवी झाली, तर अडचण गोंगाटाची नसून अंतराची आहे. अशा वेळी वेग शून्य करून पुन्हा चालवावे. आडवी रेषा गेली तर उभे स्तंभ वाढवावेत. ती तशीच राहिली तर उशीर कमी असलेले रूप घेऊन पाहावे आणि त्यावरून टाइप बदलावा, पोर्ट वेगळ्या कंघव्यांवर न्यावेत किंवा सायक्लिक प्रीफिक्स पुरतो का ते तपासावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि तीन जादा स्तंभांची रचना प्रत्येक प्रयोगात तुलनेसाठी सोबत चालवावी. तिच्या तुलनेत आपल्या रचनेत चूक किती वाढली आणि डेटाच्या जागा किती वाचल्या, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून मगच ती सेलसाठी नक्की करावी.